कालरेषा शिकवायची तर आधी दोरी मोजा

पाचवी-सहावीच्या वह्यांत कालरेषा बहुतेक एकाच पद्धतीची दिसते. एक आडवी रेघ, तिच्यावर सारख्या अंतरावर पाच-सहा ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याखाली एक सन. 1630 आणि 1674 यांच्यात दोन बोटांचं अंतर, 1674 आणि 1948 यांच्यातही दोनच बोटांचं. पहिलं अंतर 44 वर्षांचं आहे आणि दुसरं 274 वर्षांचं. ही सनांची यादी झाली, कालरेषा नव्हे. मुलाला सन पाठ होतात, पण किती काळ गेला हे त्याच्या अंगी उतरत नाही. म्हणूनच 'शिवाजी महाराजांच्या काळात तुझे आजोबा होते का?' असं विचारल्यावर सहावीतलं मूलही थबकतं.

उपाय मुलाच्या घरातच आहे, पण तो योग्य क्रमाने करावा लागतो. आधी प्रमाण, मग मुलाचं स्वतःचं आयुष्य, मग आजी-आजोबा, मग गाव आणि सगळ्यांत शेवटी पुस्तकातला इतिहास. हा क्रम उलटा झाला की उपक्रम छान दिसतो, पण मुलांना काही कळत नाही.

## आधीची तयारी

वेळ. आठ तासिका धरा, मध्ये किमान एक रविवार यायला हवा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात केली की शेवट मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला येऊन पोचतो. मराठवाड्यातल्या शाळांना याहून चांगला मुहूर्त नाही.

प्रमाण. 1 वर्ष = 10 सेंमी. वर्गात, व्हरांड्यात, मैदानात, सगळीकडे हेच. मुलाचं आयुष्य मीटरभरात बसतं, आजीचं सात-आठ मीटरमध्ये म्हणजे व्हरांड्यात, आणि शिवकाळासाठी मैदान पुरतं. मधेच प्रमाण बदललं तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

साहित्य. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, मोजपट्टी, जाड मार्कर, लाल चिंध्या, कपड्यांचे चिमटे. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरा. पत्रिकेच्या दुसऱ्या बाजूला छापील तारीख असते, ती पुढे पुरावा म्हणून कामी येते.

सुतळी घेऊ नका. आणि दोरीलाच गाठी मारू नका. एकेका गाठीत थोडी-थोडी दोरी जाते, 78 वर्षांच्या गाठी मारल्या की सगळं माप बिघडतं. दर 10 सेंमीला मार्करची खूण करा आणि दर दहा वर्षांच्या खुणेला चिंधी बांधा. प्रत्येक खूण म्हणजे त्या सनाची 1 जानेवारी. महिना दाखवायचा असेल तर खुणेच्या पुढे महिन्याला साधारण 8 मिमी सरकायचं.

खुणेच्या घटना. आजी-आजोबांना सन आठवत नाहीत, घटना आठवतात. म्हणून ही यादी फळ्याशेजारी लावून ठेवा. अंतर 2026 च्या खुणेपासून मागे, त्या-त्या सनाच्या खुणेपर्यंत मोजलेलं आहे.

- पोलीस ॲक्शन, हैदराबाद संस्थान मुक्त (सप्टेंबर 1948): 7.8 मीटर
- महाराष्ट्र राज्य (1 मे 1960): 6.6 मीटर
- बहात्तरचा दुष्काळ (1972): 5.4 मीटर
- किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993): 3.3 मीटर
- मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी (एप्रिल 2016): 1 मीटर
- लॉकडाऊन (मार्च 2020): 60 सेंमी

यात तुमच्या गावच्या तीन-चार घटना घाला. लाईट कधी आली, पाझर तलाव कधी झाला, शाळेची पहिली खोली कधी बांधली. सन ऐकीव नको. शाळेच्या, मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कोनशिलेवरून घ्या आणि ती कोनशिला मुलांना वाचायला लावा. पैठण-गंगापूरच्या पट्ट्यात जायकवाडीचं 1976 हे साल घातल्याशिवाय यादी पुरी होत नाही. तिथली कितीतरी घरं 'गाव धरणात गेलं' याच्या आधीचं आणि नंतरचं असाच हिशेब सांगतात.

घरच्यांना निरोप. काय विचारणार, कशासाठी, हे पालकांना आधीच सांगा. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक मागवू नका. जो कागद मूल आणेल तो तिथंच पाहून त्याच दिवशी परत द्या.

> सावधान. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील ज्यांचा बाप शेतीच्या कर्जापायी गेला, ज्यांची आई नाही, जी मामाकडे वाढतात. 'आई-बाबांचं लग्न' किंवा 'बाबांची नोकरी' अशी ठरीव कार्डं कुणालाही देऊ नका. काय लावायचं आणि काय नाही, हे मुलानं ठरवायचं. औसा, लोहारा, उमरगा या तालुक्यांत भूकंपाबद्दल घरी विचारायला पाठवण्याआधी त्या घरातल्या मोठ्यांशी स्वतः बोला.

## टप्पा 1: सन बाजूला ठेवा, आधी क्रम

पहिल्या तासिकेत एकही सन लिहायचा नाही. प्रत्येक मुलाला पाच कार्डं द्या आणि स्वतःच्या आयुष्यातल्या पाच गोष्टी लिहायला सांगा. पाचच. दहा दिल्या की मुलं वाढदिवस भरत सुटतात. कार्डं उलटसुलट करून बाकावर ठेवायची आणि जुनं डावीकडे, नवं उजवीकडे असा क्रम लावायचा. मग शेजाऱ्याने विचारायचं: 'हे याच्या आधी कशावरून?' उत्तर 'मला माहीत आहे' असं चालणार नाही. 'धाकटी बहीण झाली तेव्हा मी अंगणवाडीत होतो, म्हणून पहिलीच्या आधी' असं हवं. कारण देणं हेच इथलं खरं काम आहे, त्यासाठी अख्खी तासिका गेली तरी जाऊ द्या.

बीड, परभणी, जालन्याच्या बऱ्याच वर्गांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं असतात. त्यांची कार्डं वेगळी येतात: 'कारखान्यावर गेलो', 'परत आलो', 'कारखान्यावर गेलो'. ती चूक समजून खोडू नका. दरवर्षी परत येणारी गोष्ट आणि एकदाच घडणारी गोष्ट यांतला फरक त्या मुलाला बाकीच्यांच्या आधी कळलेला असतो. त्यालाच विचारा, 'यातला कोणता हंगाम तुला वेगळा आठवतो? का?' त्यातून एकच कार्ड निवडायला सांगा.

> तपासून पाहा. दोन कार्डांची जागा तुम्ही गुपचूप बदला. मुलाला चूक सापडून कारण सांगता आलं तरच पुढे जा.

## टप्पा 2: स्वतःची मीटरभर दोरी

आता सन आणि माप. प्रत्येक मुलाला दीड मीटर दोरी द्या. उजवं टोक म्हणजे 'आज'. तिथून डावीकडे खुणा करत जन्मसनापर्यंत जायचं. टप्पा 1 ची कार्डं चिमट्याने आपापल्या जागी लावायची.

इथं तीन चुका हमखास होतात.

पहिली मोजण्याची. 2016 ते 2026 ही दहा वर्षं, पण खुणा मात्र अकरा. मुलं खुणा मोजतात आणि वय एकाने वाढतं. बोट खुणेवर नाही, दोन खुणांच्या मधल्या जागेवर ठेवून मोजायला लावा.

दुसरी शैक्षणिक वर्षाची. 'चौथीत असताना' म्हणजे जून 2025 ते एप्रिल 2026, ते दोन सनांत पसरलेलं असतं. अशा गोष्टीला टिंब नको, पट्टी हवी. रंगीत कागदाची पट्टी त्या जागेवर गुंडाळा. पुढे राजवटी आणि कालखंड शिकवताना हीच पट्टी कामाला येते.

तिसरी चूक आपली, शिक्षकांची. कार्डं गर्दी करतात, म्हणून आपण ती सारख्या अंतरावर सरकवून नीटनेटकी करतो. तसं करू नका. दोरीवर एका जागी चार कार्डं आणि मग हातभर मोकळी जागा असेल तर ती तशीच राहू द्या. कार्डं खाली-वर टांगा, आडवी सरकवू नका.

## टप्पा 3: आजीला 'कधी' विचारू नका

सगळ्या उपक्रमाचा जीव या टप्प्यात आहे आणि इथंच सर्वांत जास्त घाई होते. मुलं घरी जाऊन 'तुझा जन्म कधीचा, लग्न कधी झालं' असं विचारतात, आजी 'काय की बाई' म्हणते आणि मूल कोरी वही घेऊन येतं. प्रश्न बदलला की उत्तर मिळतं. वर्गात दोन मुलांना आजी आणि नात करून आधी सराव घ्या. संवाद साधारण असा चालायला हवा:

– आजी, तुझं लग्न झालं तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडून गेला होता का?

– नाही गं माय, दुष्काळात तर मी इथंच होते, सासरी. खडी फोडायला जायचो आम्ही सगळ्या बाया.

– तेव्हा तुझ्या कडेवर कोण होतं?

– तुझा मोठा चुलता. चालत नव्हता अजून. सुकडी मिळायची, तीच चारायचे त्याला.

या चार ओळींतून तीन गोष्टी निघतात. लग्न 1972 च्या आधीचं. चुलत्यांचा जन्म 1971 किंवा 1972 चा. आणि आजी रोजगाराच्या कामावर होती, हे पुस्तकातल्या दुष्काळाच्या धड्यात नसलेलं काही मुलाच्या हाती येतं. नात ते कार्डावर असं लिहील: 'आजीचं लग्न, 1972 च्या आधी, अंदाजे 1969-70. कशावरून: दुष्काळात चुलता कडेवर.'

म्हणून वहीच्या पानावर चारच प्रश्न लिहून द्या:

1. हे अमुक घटनेच्या आधी झालं की नंतर? (खुणेच्या यादीतली घटना घ्या.)
2. तेव्हा घरात सर्वांत लहान कोण होतं? चालत होतं का, शाळेत जात होतं का?
3. कोणता सण जवळ होता, शेतात काय उभं होतं?
4. हे आणखी कुणाला आठवत असेल?

तिसरा प्रश्न महिन्यासाठी आहे. 'पोळा झाला होता' म्हणजे श्रावण अमावास्येच्या नंतर, 'ज्वारी काढायला आली होती' म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास. भूकंप तर गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे झाला, हे अर्ध्या मराठवाड्याला तारखेआधी आठवतं.

> सावधान. नव्वदीतल्या माणसाने रझाकारांच्या काळातलं काही सांगितलं तर मुलानं ते ऐकावं, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावं. वर्गात वाचायचं की नाही हे आधी तुम्ही वाचून ठरवा. त्या आठवणींत शेजारच्या घरांची नावं येतात. आजही तीच घरं शेजारी आहेत आणि त्यांची मुलं याच वर्गात बसतात. नावं कार्डावर येऊ देऊ नका.

## टप्पा 4: कागदाशी ताडून पाहणं

सोमवारी मुलं माहिती घेऊन येतील. लगेच दोरीवर चढवू नका. आधी प्रत्येक कार्ड एखाद्या कागदाशी किंवा दुसऱ्या माणसाच्या आठवणीशी ताडून पाहा.

1 जून. आपल्याकडच्या जुन्या पिढीत कितीतरी जणांचा जन्म कागदोपत्री 1 जूनचाच आहे. नाव घालताना तारीख माहीत नसे, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने 1 जून टाकत. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने दाखल-खारीज रजिस्टरचं (शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचं) एखादं जुनं पान, नावं झाकून, वर्गाला दाखवा आणि '1 जून किती वेळा आलं' ते मोजायला लावा. सरकारी कागदावर शिक्का असला म्हणून तारीख खरी असतेच असं नाही, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. चुलत्यांची तारीख रजिस्टरात 1 जून 1970 असेल आणि आजीच्या सांगण्यावरून 1971-72 येत असेल, तर दोन्ही कार्डावर लिहा. निकाल लावायची घाई नको.

जिल्ह्याचं नाव. कागदावर सन पुसट झाला असेल तर जिल्हा पाहा. जालना जिल्हा 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. सध्या लातूर जिल्ह्यात असलेल्या गावाच्या कागदावर 'जि. उस्मानाबाद' असेल तर तो कागद बहुधा 1982 च्या आधीचा. मुलांना हे शोधकाम फार आवडतं.

फसली सन. निजामकाळातल्या कागदावर 1357 असा सन दिसला तर घाबरायचं कारण नाही. तो फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातली महसुली कालगणना आहे. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1947-48.

खात्रीच्या कार्डावर सन पेनने, अंदाजाच्या कार्डावर पेन्सिलीने. वर्गातली सगळीच कार्डं पेनची असतील तर कुणीतरी घरी बसून सन भरले आहेत असं समजा.

## टप्पा 5: व्हरांड्यातली लांब दोरी

आता आठ मीटरची एकच दोरी व्हरांड्यात बांधा, 1947 ते 2026. सगळी मुलं दोरीच्या एकाच बाजूला उभी राहिली पाहिजेत. पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला जुनं उजवीकडे दिसतं आणि त्याच्या डोक्यात दिशा उलटी बसते. साधी गोष्ट आहे, पण मैदानावर हटकून विसरली जाते.

खुणेच्या घटना दोरीच्या वर, घरच्या घटना खाली. प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्यांची जास्तीत जास्त दोन कार्डं लावायची. शेवटी ज्याने-त्याने आपला जन्म लावायचा. तीस मुलांचे जन्म शेवटच्या मीटर-दीड मीटरात दाटीने लटकतात आणि बाकीची सात मीटर दोरी त्यांच्याशिवाय भरलेली दिसते. इथं काही बोलू नका, पाहू द्या.

मग दोन कार्डं काढा: 15 ऑगस्ट 1947 आणि 17 सप्टेंबर 1948. मुलांना मोजपट्टी द्या. मधलं अंतर जेमतेम 11 सेंमी भरतं, एक वर्ष आणि एक महिना. पुणे-मुंबईकडचं गाव त्या तेरा महिन्यांत स्वतंत्र भारतात होतं आणि आपलं गाव निजामाच्या राज्यात. आपण वर्षातून हा आणखी एक झेंडा का लावतो, याचं उत्तर भाषणात वर्षानुवर्षं दिलं जातं. मुलांच्या ते लक्षात राहतं या 11 सेंमीमुळे.

त्याच दोरीवर 1 नोव्हेंबर 1956 लावा. त्या दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे 35 सेंमीवर 1 मे 1960. आता 1945 च्या सुमारास जन्मलेल्या एखाद्या पणजीचा पत्ता मुलांना लिहायला सांगा: 1946 चा, 1952 चा, 1958 चा, 1962 चा. गाव तेच, घर तेच, वरचं राज्य मात्र निजामाचं संस्थान, मग भारतातलं हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र. हा एक सराव चार धड्यांच्या तोडीचा आहे, तो गाळू नका.

> तपासून पाहा. 'तुझी आजी तुझ्याएवढी होती तेव्हा दोरीवर कुठे उभी असती?' मुलानं दोरीवर बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

## टप्पा 6: मैदानात, मग फाटकाबाहेर

आता पुस्तकातले सन. प्रमाण तेच ठेवून मैदानात चालायचं. पाचवीतल्या मुलाचं पाऊल साधारण अर्ध्या मीटरचं, म्हणजे एक पाऊल पाच वर्षांचं. आधी मोजपट्टीने दहा पावलं मोजून खात्री करा. व्हरांड्यातली दोरी म्हणजे सोळा पावलं. तिथून पुढे (अंतर 2026 च्या खुणेपासूनच मोजलेलं):

- शिवराज्याभिषेक, 1674: 35 मीटर
- मलिक अंबरने वसवलेली खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर), 1610: जवळजवळ 42 मीटर
- तुघलकाने देवगिरीला राजधानी हलवली, 1327: 70 मीटर
- वेरूळचं कैलास लेणं, आठवं शतक: साधारण 125 मीटर
- शालिवाहन शकाचा आरंभ, इ.स. 78: 195 मीटर
- अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी, इ.स.पूर्व दुसरं शतक: साधारण 220 मीटर

एकेका ठिकाणी एकेक गट उभा करा, हातात पाटी देऊन. वेरूळचा गट बहुतेक शाळांत फाटकाबाहेर जातो, अजिंठ्याचा पारापाशी किंवा पाण्याच्या टाकीपाशी. रस्त्यावर मोठं माणूस सोबत हवंच.

> सावधान. 2026 च्या गुढीपाडव्यापासून शके 1948 सुरू झालं आहे. घरच्या कॅलेंडरवर '1948' दिसतं आणि तो मुक्तिसंग्रामाचा सन वाटतो. शक आणि इसवी सनात 78 वर्षांचा फरक आहे, हे याच वर्षी फळ्यावर मोठं लिहून ठेवा.

शतकाची चूकही इथंच निस्तरा. 1674 हे सोळावं शतक नाही, सतरावं. चालायच्या वाटेवर दर 10 मीटरला फक्कीची रेघ मारली की मूल पहिल्या शतकाच्या पट्ट्यात उभं राहून 'इथं तर सन 1 ते 100' असं स्वतःच म्हणतं. आणि इ.स.पूर्व 1 नंतर लगेच इ.स. 1 येतं, मध्ये शून्य सन नाही. एवढं सांगून पुढे चला, पाचवीला त्याहून जास्त नको.

## टप्पा 7: वहीत उतरवणं

आता कुठे वही उघडायची. दोन कालरेषा काढायला लावा. पहिली घरची: 1 वर्ष = 2 मिमी, 80 वर्षं 16 सेंमीत बसतात. दुसरी पुस्तकातली: 100 वर्षं = 1 सेंमी, वही आडवी धरून. दुसऱ्या रेघेवर आजीचं अख्खं आयुष्य सेंटिमीटरभरही होत नाही, ते मुलांना रंगवून दाखवायला सांगा. प्रमाण रेघेखाली लिहिलेलं नसेल तर वही तपासू नका, परत द्या.

गुण द्यायचे तर चित्रकलेला देऊ नका. तीन गोष्टी पाहा: अंतर प्रमाणात आहे का, किमान एका कार्डावर 'कशावरून' लिहिलं आहे का, आणि अंदाज व खात्री वेगळी दाखवली आहे का. अक्षर वाईट असलेलं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं पान पूर्ण गुण घेऊ शकतं.

दोरी गुंडाळून कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी उजव्या टोकाला 10 सेंमी जोडायचे. म्हणूनच दोरीवर नेहमी सन लिहा, 'इतक्या वर्षांपूर्वी' असं कधीच लिहू नका. नाहीतर जूनमध्ये सगळी कार्डं नव्याने लिहावी लागतील. पेन्सिलीची कार्डं वेगळ्या पाकिटात घाला आणि त्यावर त्या-त्या मुलाचं नाव टाका. दिवाळीत घरी पाहुणे येतात, तेव्हा चौथा प्रश्न पुन्हा विचारता येतो.